मसाई पठारावरची टिकटिक

पहिलं खटकलं ते एवढंच: सिग्नल पळत नव्हता.

पळायला हवा होता. वारणानगरच्या कॉलेजात अनुजा आणि सम्राटनं वर्षभर खपून तो बनवलाच तसा होता. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो दुसऱ्या चॅनेलवर उडी मारायचा. शोधणारा रिसीव्हर एकेक चॅनेल चाचपत तिथं पोचेपर्यंत पाखरू उडालेलं. नशिबानं गाठ पडलीच तर एक ‘टिक्’, की पुन्हा नुसती खरखर.

आज मसाई पठारावर त्याची परीक्षा होती. सम्राटनं ट्रान्समीटर घेऊन लांब कुठंतरी दडायचं, अनुजानं रिसीव्हरवर त्याला हुडकायचं.

“सशागत काय बघतीस? हितं भुतं न्हाईत, म्हशी हायत,” म्हणत तो हसत निघून गेला. आणि त्याच्यामागून धुकं आलं. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं. ओल्या गवताचा वास नाकात दाटला. सम्राटचा फोन लागेना. हाकेला ओ नाही.

हातातला रिसीव्हर मात्र बोलत होता. टिक्... टिक्... टिक्. प्रत्येक चॅनेलवर. घाबरून तिनं हातानंच भलताच चॅनेल लावला. टिक्. दुसरा लावू गेली, बोट टेकायच्या आत... टिक्. जणू कुणीतरी तिच्याआधी तिथं जाऊन वाट बघत बसत होतं.

रिसीव्हर टाकून पळावंसं वाटलं तिला. पण पठाराला चहूकडून कडे, आणि सम्राट एकटा धुक्यात. अँटेना जिकडं वळवली की टिकटिक वाढायची, तिकडं ती एकेक पाऊल टाकत निघाली.

एकाएकी टिकटिक थांबली. तीही थबकली. पायाखालचा खडा सुटला, घरंगळला... आणि पडल्याचा आवाजच आला नाही.

“सम्राट...?”

ती पोटावर पडून काठापर्यंत सरकली.

“सम्राट!”

“अगं, हाय की हितं खाली!” कड्याखालून आवाज आला. “कवाधरनं बोंबलतोय! झुडपात अडकलोय. पाय तेवढा मुरगाळलाय, बाकी धड हाय.”

ती मटकन खालीच बसली. रडू आणि हसू एकदमच फुटलं. “मेल्या! ट्रान्समीटर चालू ठेवलास म्हणून सापडलास.”

“कसला ट्रान्समीटर? त्येची बॅटरी तुझ्याच सॅकमधी ऱ्हायली न्हवं! तीच न्यायला माघारी फिरलो, अन् घसरलो.”

अनुजानं सॅकमध्ये हात घातला. बॅटरी थंडगार होती.

मांडीवरच्या रिसीव्हरनं हळूच, एकदाच केलं... टिक्.