बटण बंद, तरी उजेड

"आधी तू जा," नाथा म्हणाला.

"मी का? नांदगावला अंधारात एकटा मळ्यात जातो, असं कोण सांगत होतं?" तारानं विचारलं.

"जातो ना. पण मळ्यात असलं काय नाय."

असलं म्हणजे काय, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. नाशिकच्या त्या वसाहतीत कोणीच सांगत नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. भूतखेत मानायचं नाही, असं धम्मदीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी ठरवलेलं. त्यामुळे भीती वाटली तरी तिचं नाव घ्यायची सोय नव्हती. मग दिवस मावळला की शेजारच्या भागुबाईंचे गुडघे दुखू लागत, पोरांना विहारातले डास चावू लागत. बघता बघता विहाराची अभ्यासिका ओस पडली.

झालं होतं एवढंच. विजेचं बिल कमी करायचं म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी कमिटीनं दिवे बदलले. अभ्यासिकेतला शंभरचा बल्ब वीज फार खाई आणि कोपरे अंधारातच ठेवी. तिथं चाळीसची ट्यूब आली. पायरीवर कोण वाचत बसतंय? तिथं पंचवीसचा बल्ब पुरे. बुद्धमूर्तीजवळ झिरोचा छोटा दिवा. विचार चोख होता. यादव वायरमननं पूर्वी स्वतःच घातलेल्या जुन्या वायरींवर सगळं भराभर बसवून दिलं. आणि त्याच संध्याकाळपासून, बटण बंद करून कुलूप लावलेल्या खोलीच्या खिडकीत फिकट निळसर उजेड दिसू लागला.

ताराची मोठी बहीण करुणा यंदा मॅट्रिकला होती. घर एका खोलीचं. स्टोव्ह, रेडिओ आणि पाहुणे सगळे तिथंच. अभ्यासाला तिला अभ्यासिकेशिवाय जागा नव्हती. कमिटीचे चिटणीस म्हणजे ताराचे वडील, सावळीराम. ते आज ट्यूब काढून अभ्यासिकेला कायमचं कुलूप लावणार होते. काल करुणा उशीत तोंड खुपसून रडली होती. ते ताराच्या मनातून जाईना. म्हणून वडील यायच्या आत ती किल्ली घेऊन निघाली; सोबत मामेभाऊ नाथा आणि धाकटा मिलिंद.

दार करकरलं. मागच्या द्राक्षबागेतून गार वारा आत शिरला. खोलीत काळोख, आणि छताखाली ती ट्यूब. तिच्यात दुधाच्या धुवणासारखा उजेड हलत होता. मध्येच मंद होई, मग पुन्हा सरपटत टोकापर्यंत जाई.

"तायडे, ती श्वास घेतेय," मिलिंद कुजबुजला.

ताराच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी भिंतीपाशी जाऊन तिनं बटण चाचपलं. ते बंदच होतं. तिनं ते दाबलं, ट्यूब फडफडली आणि लख्ख पेटली. पुन्हा बंद केलं. लख्ख उजेड गेला, पण तो फिकट उजेड काही जाईना.

"आमचा आबा विहिरीवरच्या मोटारीला हात लावायच्या आधी मेन पाडतो," नाथा अडखळत म्हणाला. "बटणावर भरवसा नाय ठेवत."

"मग पाड की."

नाथानं दाराजवळच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला. उजेड गपकन नाहीसा झाला. दांडा वर केला, तो परत आला.

"मेनला घाबरतं व्हय हे?" नाथा आता हसला.

तारा हसली नाही. शाळेत बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं होतं, बटण वीज येते त्या वायरवर हवं. यादवकाकांनी ते परत जाणाऱ्या वायरवर लावलं असेल तर? मग बटण बंद केलं तरी वीज दिव्यापर्यंत येतच राहणार. बल्ब तेवढ्यानं पेटत नाही, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. ट्यूबनं चुगली केली.

तेवढ्यात सावळीराम लोखंडी स्टूल घेऊन आले. हात नुकतेच धुतलेले, ओलेच. "तुम्ही इथं कशाला? व्हा बाजूला." त्यांनी बटण पाहिलं आणि ते स्टुलावर चढले.

"दादा, हात लावू नका!" तारा वडिलांवर ओरडली.

"बटण बंद आहे, दिसत नाही का?" त्यांचा हात वर गेला.

"नाथा, मेन पाड!"

खटका वाजला आणि खोली काळीठिक्कर पडली. सावळीरामांचा हात तसाच हवेत राहिला.

यादवला बोलावलं. त्यानं मेन चालू केला, बटण बंद ठेवलं आणि ट्यूबच्या टोकाला टेस्टर टेकवला. टेस्टरमध्ये लाल ठिणगी उभी राहिली; बटण बंद, तरी वीज हजर. पायरीवरच्या बल्बच्या होल्डरमध्येही तीच.

"दिवा तर लागत होता," यादव पुटपुटला.

सावळीराम स्टुलावर बसले. "याच हातांनी मी इथले बल्ब बदलत आलो, बटण बंद करून," ते म्हणाले, आणि त्यांनी ताराला जवळ ओढलं. काय होता होता राहिलं, ते तिला आत्ता कळलं. इतकी भीती ताराला त्या ट्यूबचीही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी यादवनं प्रत्येक दिव्याचं बटण वीज येते त्या वायरवर घेतलं. संध्याकाळी सगळी वसाहत अभ्यासिकेत जमली. तारानं बटण बंद केलं. या वेळी काळोख अगदी पुरता झाला.

त्या काळोखात भागुबाई म्हणाल्या, "खरं सांगू? मला बाई भूतच वाटलं होतं."

"मलाही," कोपऱ्यातून सावळीरामांचा आवाज आला, आणि सगळे खो खो हसले. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "आम्ही मोठी माणसं भीती झाकत बसलो. या पोरांनी ती उघडून पाहिली. आज मी इथं उभा आहे, तो त्यांच्यामुळे."

"आता दिवा लाव की तारे," करुणा म्हणाली. "माझं भूमितीचं प्रमेय अर्धं राहिलंय."