एका पायावर

आमच्या घरात 'पाय' हा शब्द बंद होता. असं कुणी ठरवलं नव्हतं. पण चार वर्षांची असताना मला मोठा ताप आला, त्यानंतर माझा डावा पाय वाढायचा राहिला आणि तेव्हापासून सगळे जीभ सांभाळून बोलू लागले. दादा कधी 'पाय मोकळे करून येतो' म्हणायचा नाही, 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणायचा. आई तर 'पायरी' म्हणतानासुद्धा चाचरायची.

मग एका सकाळी कामावर जाताना माझ्या डाव्या बुटाची जाड टाच भर रस्त्यात निखळली. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, आणि त्या दिवशी आधीच उशीर झाला होता. समोर बुटांचं जे पहिलं दुकान दिसलं त्यात शिरले. आत एक तरुण ओठांत बारीक खिळे धरून बसला होता. त्याने बूट पाहिला, मग मला पाहिलं, आणि खिळे एकेक करून हातावर काढले.

"डावा पाय सव्वा इंच आखूड आहे तुमचा," तो म्हणाला. "टाच एक इंचाची लावलीय. ज्याने लावली त्याला मोजता येत नाही."

वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायाला कुणी पाय म्हटलं होतं. हसावं की रडावं, मला कळेना. मी म्हटलं, "तुम्हाला येतं?"

"पाय इकडे करा."

बूट त्याच दिवशी दुरुस्त झाला. तरी मी पुढे पाच वेळा गेले. एकदा खरोखरच खिळा टोचत होता, बाकी चारदा मी धडधडीत खोटं बोलले. त्यालाही ते कळत होतं. तो सोल उगीच दोनदा घासायचा, गंभीर चेहरा करायचा आणि 'गिऱ्हाईक, गुरुवारी या' म्हणायचा. सहाव्या वेळी त्याने बूट हातात घेतलाच नाही.

"मला तुझे बूट आयुष्यभर... म्हणजे... नुसते बूट असं नाही..."

"लग्न करायचंय का तुला?"

"तू तयार असशील तर—"

"एका पायावर," मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला आणि मग इतका हसला की शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

घरी मात्र दादाने डोक्यात राख घालून घेतली. धडधाकट मुलगा हिच्याशी कशाला लग्न करेल, दया आली असेल, आणि दया किती दिवस पुरते, असं तो आईला सांगत होता. मी दाराआडून ऐकलं आणि पुढच्याच महिन्यात लग्न करून मोकळी झाले. दादा आला, रुसलेला असला तरी आला. आम्ही आठ दिवस परदेशातलं एक बंदर बघायला जाणार होतो. त्याने तिथल्या शहरदर्शनाच्या बसची दोन तिकिटं माझ्या हातात ठेवली. खिडकीतून सगळं दिसतं, म्हणाला. मग माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी बोलला.

पहिल्याच सकाळी हॉटेलात नाश्त्याला शेजारच्या टेबलावर एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको बसली होती. मी ती तिकिटं त्यांना देऊन टाकली. मग काउंटरवरच्या बाईंना दीपस्तंभाचा रस्ता विचारला. बंदराचा दगडी बांध समुद्रात लांबवर गेलेला आणि त्याच्या टोकाला तो उभा. बाईंनी माझ्या बुटाकडे पाहिलं आणि बसचा नंबर सांगितला.

"चालत," मी म्हटलं.

मी ओझं असेन तर ते पहिल्याच दिवशी कळू दे, असं माझं ठरलं होतं. आणि नसेन, तर तेही कळू दे.

काय शहर होतं ते! घरांच्या मधून पायऱ्या, पायऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी, मासळीबाजारात ओल्या फरशीवर सांडलेला बर्फ. एका दुकानात नुसते दोरखंड विकायला होते, माझ्या दंडाएवढे जाड. माझा नवरा दुकानदाराशी खुणांनी बोलत दोराची वीण तपासत बसला. मी त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याने माझा हात सोडलाच नाही. मीही सोडवून घेतला नाही. उन्हात खारट वारा होता आणि माझी टाच फरशीवर ठक ठक वाजत होती. वाजू दे म्हटलं.

फक्त एक गोष्ट खटकत होती. दर थोड्या वेळाने त्याला बसावंसं वाटायचं.

"गिऱ्हाईक, बसा. काय देखावा आहे."

पहिल्या बाकावरून खरंच जहाजं दिसत होती. दुसऱ्या बाकावरून एक झाड. तिसऱ्या बाकासमोर कोरी भिंत होती.

"भिंत छान आहे," तो म्हणाला.

"भिंत?"

"म्हणजे... रंग..."

चौथ्या बाकावर त्याने घाम पुसायला रुमाल काढला आणि खिशातून एक कागद पडला. मी उचलला. शहराचा नकाशा होता. त्यावर पेन्सिलने बारीक फुल्या मारलेल्या, आणि प्रत्येक फुलीशेजारी अंतर, दुकानात मापं लिहितो तशा नीटनेटक्या अक्षरात. सकाळी मी अंघोळीला गेले असताना त्याने काउंटरवरच्या बाईंना विचारून शहरातले बाक टिपून घेतले असणार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादाने शिकवलं का हे?"

त्याने कागदासाठी हात पुढे केला.

"मला सगळं सांभाळून घेणारी माणसं घरात पुष्कळ होती. तुझ्याशी लग्न केलं ते तू सांभाळून घेत नाहीस म्हणून."

कागद त्याच्या मांडीवर टाकला आणि निघाले. समोर बांध सुरू होत होता. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये दगडी वाट, एकही बाक नाही. पाय ठणकत होता. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते.

थोड्या वेळाने मागून पावलं ऐकू आली. एक जोरात, एक घासत. एक जोरात, एक घासत. मी जन्मभर स्वतःची अशीच चाल ऐकत आलेय, शाळेत पोरं माझ्यामागे अशीच चालून दाखवायची. हा माझी नक्कल करतोय? मी गर्रकन वळले.

तो खरंच लंगडत होता. चेहरा घामाने डबडबलेला.

"काय झालं?"

"बूट चावतोय."

मला आधी ऐकूच आलं नाही नीट. "कोण चावतंय?"

"बूट. मीच शिवलेला." तो दगडावर टेकला. "लग्नासाठी तुझे नवे बूट शिवले, त्यातलं चामडं उरलं होतं. म्हटलं, आपले दोघांचे एकसारखे असावेत. घाईघाईत शिवले. स्वतःच्या पायाचं माप कोण घेतं?"

त्याने बूट काढला. टाचेचं कातडं पार सोलवटलं होतं. मला हसू फुटलं, आवरेना.

"आणि ते बाक?"

"पहिले दोन तुझ्यासाठी. पुढचे माझ्यासाठी," तो म्हणाला. मग हसू ओसरलं त्याचं. "दादा म्हणाले, ती पडेल पण सांगणार नाही. मी घाबरलो. तुझा पाय मला पाठ आहे गं, तू अजून नाहीस. तुला विचारायचं सोडून मी नकाशाला विचारत बसलो. चुकलो."

लाटांचं पाणी दगडांवर चढत होतं. मी त्याच्या शेजारी बसले. जे वीस वर्षांत आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते तोंडाशी आलं होतं.

"पाय दुखतोय माझा," मी म्हटलं. "खूप दुखतोय. सकाळपासून."

त्याने दया दाखवली नाही. माझा बूट काढला, सोलवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, आतली कड टोचतेय, आज घासून देतो. मग माझा पाय मांडीवर घेऊन चोळत बसला. समोरून येणारी माणसं बघत होती. बघू दे.

"परत फिरायचं?" त्याने विचारलं. नुसतं विचारलं.

"पुढे जायची तयारी आहे तुझी?"

"एका पायावर," तो म्हणाला, आणि सोललेल्या टाचेचा पाय वर धरून दाखवला.

दीपस्तंभापर्यंत आम्ही दोघं लंगडत गेलो, तो उजव्या पायाने, मी डाव्या. त्याचे बूट माझ्या हातात होते. टोकाला पोचून भिंतीला पाठ टेकली तेवढ्यात दादाचा फोन आला. बसमध्ये खिडकी मिळाली का, त्याने विचारलं.

"आम्ही चालत आलो, दादा. दीपस्तंभापर्यंत."

पलीकडे तो खाकरला. मग, "आणि तुझा... म्हणजे... त्रास..."

"पाय, दादा. पाय म्हण."



"पाय..." तो म्हणाला. "पाय दुखतोय का गं?"

"दुखतोय रे," मी म्हटलं. "तुझ्या मेहुण्याचा जास्त दुखतोय."

दादा हसला की रडला, मला नीट कळलं नाही. फोन ठेवला आणि आम्ही हॉटेलवर परत जायला बस पकडली. मी हट्टी आहे, वेडी नाही.