दोघांची दांडी

पाऊस बारीक होता, पण चिवट. छत्री उघडावी तर वारा ती उलटी करत होता, मिटावी तर चष्म्यावर थेंब. सिस्टर चौकात थांबली. उजवीकडे गेलं की अंथरुणाला खिळलेल्या आजींचं घर. डावीकडे लॉन्ड्री, आपले कपडे आपणच यंत्रात टाकायचे अशी. काचेमागे ऊबदार, पिवळा उजेड.

रोज याच वेळी ती आजींचं अंग पुसून द्यायची, चादर बदलायची, बायबलातला एखादा अध्याय वाचून दाखवायची. आज आजींची भाची घरी होती, त्यामुळे अडणार काहीच नव्हतं. तरीही जायचं ठरलं होतं. पण पाय काही केल्या उजवीकडे वळेनात.

'जरा टेकते आणि निघते,' असं स्वतःलाच बजावत ती लॉन्ड्रीत शिरली.

आत यंत्रं घरघरत होती. बाकावर एक म्हातारा मान छातीवर टाकून पेंगत होता. कोटाचं एक बटण गायब, मोजे दोन रंगांचे. 'अगंबाई, काय हा अवतार! याच्याकडे बघायला घरात कुणी आहे की नाही?' सिस्टरच्या मनात आलं. तेवढ्यात म्हाताऱ्याने झोपेतच करंगळीने नाक खाजवलं. असं नाक खाजवणारा माणूस जगात एकच होता.

तिचा नवरा!

ती निवृत्त नर्स, तो निवृत्त वायरमन. तरुणपणी तिच्या वॉर्डात दिवे बसवायला आला होता, तेव्हापासून तो तिला 'सिस्टर'च म्हणायचा. लग्नानंतरही जीभ वळली नाही. मुलं मार्गाला लागली, आणि चर्चच्या मिशनवर जायला एखादं जोडपं हवंय असं कळल्यावर दोघं या परक्या देशात आली. इथे मंडळीत सगळेच एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणायचे. त्यामुळे सुरुवातीला कित्येकांनी या दोघांना सख्खी भावंडंच समजलं होतं! ते आठवलं की अजूनही दोघांना हसू फुटायचं. अलीकडे मात्र एकत्र हसायला दोघं एका वेळी जागी कुठे असायची?

वायरमनने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, तिच्या निथळत्या छत्रीकडे पाहिलं. या वेळी तो चर्चच्या हॉलमधला हीटर दुरुस्त करत असायला हवा होता. शाळेला दांडी मारलेली दोन पोरं एकाच झाडाखाली भेटावीत, तसं झालं.

मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"बसा ना, बाई. जागा रिकामी आहे."

इतक्या वर्षांत त्याने तिला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. सिस्टरच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या… या वयात!

"अनोळखी माणसाशेजारी मी बसत नाही," ती म्हणाली आणि बसली.

"बरोबरच आहे. तुमचे मिस्टर रागावतील."

"त्यांना कुठं सवड? हीटर दुरुस्त करतायत म्हणे."

"कामसू दिसतो माणूस."

"नुसता दिसतो. साधे मोजे जोडीचे घालता येत नाहीत. आणि तुमच्या मिसेस?"

"ती आजारी माणसांचं करते. फार गुणाची बाई. जो तो तिचं नाव काढतो…" तो थांबला. समोरच्या यंत्रात त्याने निमित्ताला आणलेले चर्चचे पडदे गोल गोल फिरत होते. "मला मात्र ती भेटत नाही."

"भेटत नाही? एका घरात राहता ना?"

"एका खोलीत. पण येते तीच इतकी थकून की बसल्या जागी डोळा लागतो. परवा तिचे बूट मी काढले. तिला कळलंही नाही."

सिस्टरचं हसू विरलं. ते बूट आपणच काढले, असं तिला वाटत होतं.

"अहो…" तिच्याने आता नाटक पुढे रेटवेना. "चर्चच्या पाळकसाहेबांनी आणखी वर्षभर थांबाल का म्हणून विचारलं. मी सकाळी हो म्हणून बसले."

"मला न विचारता?"

"तुम्ही कधी नाही म्हणता का?"

त्याने कोटावरचा तुटक्या बटणाचा धागा बोटाने ओढला. बोलला तेव्हा आवाज खाली गेला होता.

"सिस्टर, बोलावणं तुला आलं होतं. मला नाही. देवाशी माझं काही वाकडं नाही, पण खरं सांगू? मी त्याच्यासाठी आलोच नाही. तू निघालीस म्हणून निघालो. तुझ्याशिवाय त्या घरात करणार काय होतो मी? आणि इथे येऊन… तूच दिसेनाशी झालीस."

सगळ्या संसारात असं तो कधी बोलला नव्हता. सिस्टरने चष्मा काढून पदराने पुसला, उगाच पुसतच राहिली.

"माझं तरी काय वेगळं आहे?" ती हळूच म्हणाली. "काल प्रार्थनेला डोळे मिटले आणि चक्क डुलकी लागली. आज आजींकडे जाववेना. वाटलं, आपल्यात काही उरलंच नाही. ते कुणाला कळू नये म्हणून घाईघाईने हो म्हणून टाकलं…"

वायरमन फक्त जरा सरकून बसला. खांद्याला खांदा लागला, आणि तिने त्यावर आपलं डोकं टेकू दिलं.

पडदे वाळल्यावर दोघं तडक पाळकसाहेबांकडे गेली. उन्हाळ्यापर्यंत थांबू, आजींची नीट सोय लावू आणि मग परत जाऊ, असं सिस्टरने सांगितलं. तोवर आठवड्यातला एक दिवस दोघांचा, त्या दिवशी कुणीही बोलावायचं नाही. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला.

"पण तुमची जागा कोण घेणार?"

"देवाचं काम आहे, साहेब, तो कुणालातरी पाठवील. यांच्याकडे बघायला मात्र तो दुसरं कुणी पाठवणार नाही."

वायरमन एकदम छताकडे बघायला लागला, जणू तिथली वायरिंग तपासायची होती.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर नेहमीसारखा दम लागला. कठड्याला धरून दोघं उभी राहिली.

"उन्हाळा म्हणजे अजून बराच लांब आहे गं," तो म्हणाला.

"माझ्यासाठी आलात ना? मग माझ्यासाठीच थांबा."

ती हे इतक्या सरळपणे म्हणाली की तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला.

"थांबतो. पण वर गेल्यावर चहा मी करणार. तू नुसतं बसायचं. आणि झोपायचं नाही हं… चहा होईपर्यंत तरी!"

पाणी उकळायला त्याने नेहमीपेक्षा जास्तच वेळ लावला. ती जागी होती.