भिंत न फोडता

पनवेल कोळीवाड्यात गुणाबाईंच्या अंगणात आम्ही दोघं एकाच कामासाठी एकाच वेळी शिरलो. माझ्या हातात चोर आल्यावर वाजणाऱ्या अलार्मच्या सेन्सरची पेटी, त्याच्या खांद्यावर शिडी आणि वायरचं भेंडोळं. सुकत घातलेला जवळा ओलांडताना त्याची शिडी माझ्या ओढणीत अडकली.

"सॉरी... वायरलेसवाल्या का तुम्ही?"

"हो. आणि तुम्ही भिंती फोडणारे?"

तो हसला. गालाला खळी. असल्या माणसाला हरवायला मजा येईल, असं मला तिथेच वाटलं.

हरवणं भागही होतं. साल २०१२. बिनवायरच्या सेन्सरवर पनवेलात कुणाचा विश्वास बसत नव्हता, आणि हेही काम गेलं तर आमचं दुकान बंद, असं बाबांनी बजावलं होतं.

गुणाबाईंनी मात्र त्या खळीवाल्याचं, प्रणितचं, ड्रिल बघूनच नकारार्थी मान हलवली. लेकीच्या लग्नात ओटीवरच्या भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवून घेतली होती. "या भिताडाला भोक नाय पारायचा. सोनम, तूच लाव. पन आयतवारी माज्या भावासमोर वाजला पायजे."

तरी प्रणित रोज यायचा.

"तुमचं काय काम इथे?"

"तुमची बॅटरी संपेल तेव्हा... हसायला कुणीतरी हवं ना."

हसणं राहिलं बाजूला, माझी शिडी धरून उभा राहायचा. वरून खाली बघितलं की डोळे भिडायचे, माझ्या हातून सेन्सरच्या झाकणाचा स्क्रू सुटायचा आणि तो झेलायचा. सरळ सांगायचं तर मी प्रेमात पडले होते.

रविवारी गुणाबाईंचे भाऊ धर्मराज आले, मागोमाग अर्धा कोळीवाडा. मी दार उघडलं. खिडकी उघडली. काहीच वाजलं नाही...

"रं पोरा," धर्मराज प्रणितला म्हणाले, "तूच टाक तुजी वायर."

मी दाराचा सेन्सर पुन्हा चाचपू लागले.

"नाही काका," प्रणित म्हणाला. "काम चोख केलंय त्यांनी, मी बघितलंय. शोधू द्या त्यांना."

मी मान वर केली. सगळे सेन्सर ज्या पेटीला कळवतात, ती मुख्य पेटीच मी ठेवली होती त्या जागी नव्हती.

"मावशी, इथली पेटी?"

"कपाटान, दागिन्यांजवल. येवरी म्हागाची वस्तू भाईर ठेवू? चोरानं नेली त?"

जाड लोखंडी कपाटात सिग्नल पोचणार कुठून? मी पेटी काढून जागेवर लावली, दार ढकललं, आणि भोंगा असा कडाडला की धर्मराजकाकांनी कान धरले आणि शेजारच्या कोंबड्या कौलांवर चढल्या. सगळे खो-खो हसत होते. "माज्या घरान बी हाच लाव," काका ओरडून सांगत होते. जिंकले होते मी.

प्रणित मात्र वायर गुंडाळत होता. आता यायला त्याला निमित्त उरलं नव्हतं... मी भोंगा बंद केला.

"ह्यो रोज येतो तो तुजा मानूस काय गं?" गुणाबाईंनी विचारलं. "पगारी?"

सगळे ऐकत होते. ऐकू देत, म्हटलं.

"पगारी नाही, मावशी. हे... माझे आहेत. त्यांना अजून माहीत नाही."

"माहीत आहे," प्रणित म्हणाला, आणि उचललेली शिडी त्याने खाली ठेवली.