रिकाम्या खाचेत धूळ नव्हती

परळीच्या स्टेशन रोडवर संस्कृतीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे काय हो, शटर वर केलं की एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतीला टेकून बसलेली आजारी मशिनं. पण तिचा त्यावर जीव होता. इतका, की 'लग्नानंतर दुकान बंद करावं लागेल' म्हणणाऱ्या दोन चांगल्या स्थळांना तिनं तोंडावर नकार दिला होता. घरात त्यावरून लई वादावादी झाली. आता येत्या रविवारी तिसरं स्थळ बघायला येणार होतं. तिनं मुलाचा बायोडाटासुद्धा उघडला नव्हता. उघडून करायचं काय? शेवटी गाडी दुकानावरच अडणार!

अशाच एका टळटळीत दुपारी एक उंच तरुण जुना सीपीयू पोटाशी धरून दारात उभा राहिला. घामानं निथळत होता, आणि तरी हसत होता.

"घाटनांदूरहून आलोय. खताचं दुकान हाय आमचं. हा चालूच होईना."

"ठेवा खाली. आधी पाणी प्या."

तो पाणी प्यायला, पण डोळे तिच्याकडंच. नजर वाईट नव्हती, हे तिनं लगेच ताडलं. तरीपण... तिनं उगाचच ओढणी सारखी केली, वायर जोडली आणि बटण दाबलं. स्क्रीन काळीच राहिली. आतून नुसतं टूंऽ... टूंऽ... टूंऽ...

"रडतोय का हो?"

"रॅम मागतोय," ती म्हणाली आणि तिनं झाकण उघडलं. आत सगळीकडं खताची पांढुरकी धूळ. त्यात रॅमची एकच पट्टी, कोरी करकरीत.

"ही कुणी बसवली?"

"मीच. म्हटलं, नवी टाकली तर पळंल जोरात."

"बसली म्हणजे चालती असं न्हाई. बोर्ड जुना हाय. त्याला दोन्ही बाजूंनी चिपा असलेली रॅम लागती. हिला एकाच बाजूला हायेत. खाचेत नीट जाती, पण बोर्ड तिला ओळखतच न्हाई."

"मग... ओळख वाढवायला काय करावं लागंल?"

"दुसरी रॅम घ्यावी लागंल," ती कोरडेपणानं म्हणाली. गाल मात्र गरम झाले. काय बाई बोलतो हा माणूस!

तोंड लपवायला म्हणून ती ब्रश घेऊन आत वाकली, आणि तिचा हात थांबला.

"आधीची रॅम कुठंय?"

"आधीची?... न्हवतीच."

"रॅमशिवायच बिलं काढत होतात व्हय इतकी वर्षं?" तिनं स्क्रू ड्रायव्हर त्याच्यावर रोखला. "ही दुसरी खाच बघा. सगळीकडं धूळ, अन् रिकाम्या खाचेत कण न्हाई. हितली रॅम आत्ताच कुणीतरी काढलीय. खिशात हात घाला बरं!"

बिचाऱ्यानं गुपचूप हात घातला. कागदात गुंडाळलेली जुनी रॅम बाहेर आली. तिनं नवी काढून ती बसवली आणि मशीन पहिल्या दमात चालू झालं.

"धडधाकट मशीन मुद्दाम बिघडवून आणलंत. कावून?"

"मी सत्यम," तो खाली बघत म्हणाला. "रविवारी... आमीच येणार तुमाला बघायला."

संस्कृतीला उलगडलं, हेच ते तिसरं स्थळ! आणि मग आला राग.

"म्हंजी माझी परीक्षा घ्यायला आलतात?"

"न्हाई हो! हे स्थळ सुचवणारे बजरंगमामा म्हणले, पोरगी एका दुकानापायी स्थळं मोडती. म्हटलं, असलं कसलं दुकान हाय ते बघावं तरी. रविवारी तुमी खाली मान घालून पोहे देणार, मी खाली मान घालून खाणार... त्यात काय कळणार होतं? अन् आता..."

"आता काय?"

"आता हे बंद करा म्हणायची माझी तरी हिंमत न्हाई. मला तुमी आवडलात. लई आवडलात. तो स्क्रू ड्रायव्हर रोखलात, तवा तर जास्तच."

तिला हसू आवरेना. पण गोड तर आधीचेही बोलले होते, पहिल्या दिवशी.

"रविवारी येऊ नका," ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"रविवारी गिऱ्हाइकांची गर्दी असती माझ्याकडं. मंगळवारी या. त्या दिवशी दुकान बंद असतंय."

ठरलेला दिवस, सांगून ठेवलेले पाव्हणे, आणि हे सगळं हलवायचं कशासाठी, तर पोरीच्या दुकानासाठी! कोण ऐकून घेतंय? पण सत्यमनं तिथंच, तिच्यासमोर, वडलांना फोन लावला.

"आप्पा, रविवारचं ऱ्हाऊ द्या, मंगळवारी जाऊ... न्हाई, माझी काय अडचण न्हाई. रविवारी दुकान असतंय."

पलीकडचा आवाज एवढा दणदणीत, की तिलाही स्पष्ट ऐकू आला. "आपलं दुकान तर रविवारी बंद असतंय बे! कुणाचं दुकान?"

सत्यम कानापर्यंत लाल झाला होता, पण नजर तिच्यावरून हलली नाही.

"तुमच्या सुनेचं, आप्पा."

"अहो... मी अजून हो म्हटलं न्हाई!" ती कुजबुजली.

"मग म्हणा की. आप्पा लाइनवरच हायेत."

संस्कृतीनं ओढणी डोक्यावर घेतली आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"नमस्कार करते, आप्पा," ती म्हणाली. "मंगळवारी नुसत्या पोह्यांवर भागवू नका... जेवायलाच या."