काळजिभी

त्या काळात सकाळी आरशापुढे उभं राहायचं ते तोंड धुण्याआधी तोंड उघडायला. घरोघरी बेसिनवर 'मुखसाक्षी' बसवलेला होता. आ केला की तो आतल्या प्रत्येक डागावर प्रकाश टाकायचा, पेशींकडून परतलेला प्रकाश वाचायचा आणि कुठला डाग जन्मजात, कुठला चुन्याने भाजलेला, कुठला पुढे कर्करोग होणार, हे सांगून मोकळा व्हायचा.

सुनेने दटावून गजराबाईंना त्याच्यापुढे उभं केलं. त्याचा निकाल ऐकून आता त्या डॉ. टिळेकरांसमोर बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई बोलायला गोड, फक्त त्यांचा 'र' घसरायचा. हल्ली निम्म्या गावाचा घसरायचा.

"जिभेवरचे काळे ठिपके निरुपद्रवी आहेत, मावशी. अंगावर तीळ असतो, तसा नुसता रंग."

"म्हंजी माझं बोललेलं खरं हुत न्हाई?"

गजराबाई जन्माच्या काळजिभी. भांडणात नवऱ्याला 'परत येऊ नगा' म्हणाल्या आणि त्याच दिवशी त्याची गाडी घाटात कोसळली. तेव्हापासून त्यांनी कुणाविरुद्ध ब्र काढला नव्हता. आज हे सगळं त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

"तो योगायोग होता," डॉक्टर म्हणाल्या. गजराबाईंना रडू फुटलं. डॉक्टरांनी त्यांना रडू दिलं, मग म्हणाल्या, "पण कडेला मिश्रीचा पांढरा चट्टा आहे. मुखसाक्षी म्हणतो, तो बिघडणार. जिभेची कड काढावी लागेल."

"आत्ता कुठं बोलाय मोकळी झाले, आन् जीभच कापताय? त्यो चुकला असंल तर?"

"आजवर एकदाही चुकलेला नाही."

"त्यानं बिघडंल म्हटलं आन् कापलं न्हाई, असं कोन हाय?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. असं कुणीच नव्हतं. तो बोलला की कापायचं, हा रिवाजच होता, आणि कापलेला तुकडा तपासायचा तोही मुखसाक्षीनेच.

"मग काळी जीभ त्याची म्हनायची," गजराबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा गाल आतून हलला. जीभ काहीतरी चाचपत होती. तिला एका बाजूची कड नाही, म्हणूनच 'र' घसरतो, हे गजराबाईंना आता कळलं.

"मग कापू का नगं? तुमी सोता बघून सांगा."

डॉक्टरांनी दिवा धरला, बराच वेळ चट्टा न्याहाळला. डोळ्यांनी डाग ओळखायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"मला ठाऊक नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "खरंच ठाऊक नाही."

'खरंच' मधला 'र' निसटला, आणि या वेळी तो त्यांनाही ऐकू आला.