बोटभर वळेसर

“बोटाएवढो वळेसर? आणि माळतलो कोण — उंदीर?”

पेडण्याच्या बाजारात पल्लवीने फुलवाल्या गंगामावशीकडे अबोलीच्या फुलांचा बोटभर वळेसर, म्हणजे गजरा, मागितला, आणि मागून हा प्रश्न आला. तिने वळून पाहिलं. खांद्यावर केबलच्या तारेचं भेंडोळं, केसांत कुणाच्या तरी कौलांवरचं जळमट, आणि चेहऱ्यावर असं हसू, की रागवायचंही राहून जावं.

“माझी बाहुली माळतली. तुका कित्याक रे पंचायती?”

तो एकदम थबकला. “हो आवाज... तू ती शनिवारची अबोली!”

त्याने बरोबर ओळखलं होतं. मोपाचा विमानतळ तेव्हा कागदावरसुद्धा धड उतरला नव्हता, आणि तालुक्यातली पोरं शनिवारी पाच वाजता खेळ टाकून गोकुळदासशेटच्या केबलवर अबोलीचा कार्यक्रम बघत. काळा पडदा टाकलेलं टेबल, त्याखाली मांडी घालून बसलेली पल्लवी. तिच्या उजव्या हातात अबोली नावाची कापडी मुलगी, डाव्यात विठू कासव. आवाज दोघांचेही तिचेच. पोरांनी तिचा चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता.

तो हसरा तरुण म्हणजे देवेश. हळर्णचा. पुढच्याच शनिवारी तो शेटकडे कॅमेरा सांभाळायला हजर झाला, आणि येताना चिमटीत धरून आणला अबोलीचा बोटभर वळेसर.

मग दर शनिवारी तेच. शिवाय माइकची तार दर वेळी नेमकी टेबलाखालीच कशी बिघडायची, ते ती तारच जाणे! देवेश वाकून आत शिरायचा, दोन मिनिटांच्या कामाला दहा लावायचा, आणि पल्लवी अबोलीला मान वळवून उगाचच त्याच्याकडे बघायला लावायची.

तिसऱ्या शनिवारी तिने मन घट्ट केलं. “देवेश, शाळेच्या दाखल्यावर मी मुलगो आसंय. आवशीन माका चेडू मानल्यान, आमच्या पार्से गावच्या लोकांकय सवय झाली. तुका ठावक नसलां तर...”

“ठावक आसा,” तो तार गुंडाळत म्हणाला. “हळर्ण काय पोर्तुगालात नाय.”

ती हसली. हसता हसता डोळेही भरले. पण भीती गेली नाही. एकांतात गोड बोलणारे तिने याआधी पाहिले होते, आणि तेच बाजारात समोर आले की दुकानाच्या पाट्या वाचत निघून जायचे. शिवाय देवेशची आई सुलोचना! तिचा धाक म्हणे हळर्णच्या किल्ल्यापेक्षा जास्त टिकला होता. पल्लवीला प्रेम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण टेबलाखालचं नको होतं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी अबोली पोरांना आपली स्वतःची गोष्ट सांगणार होती. शेटला घाम फुटला. “पोरांच्या कार्यक्रमात ह्यां कित्याक? एक भाग करून बघूया. तक्रारीचे फोन इले, तर अबोली कायमची पेटयेत बंद!”

पाच वाजले. कॅमेऱ्यावर थेट प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला.

“विठू,” अबोली म्हणाली, “घरचे मला मुलगा म्हणायचे. नावही मुलाचं ठेवलं होतं. पण मी मुलगी आहे रे.”

कासवाने मान आत घेतली, विचार केला, मान बाहेर काढली. “मग लगोरी खेळायला येणार ना?”

“येणार की!”

“मग चल. डाव तुझ्यावर.”

कार्यक्रम संपला. शेट बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर, फोनपाशी जाऊन बसले. आता देवेशने काजूच्या दुकानाची जाहिरात लावायची, हा शिरस्ता. पण देवेश उठला तो सरळ टेबलापाशी येऊन उकिडवा बसला, बाहुलीसमोर.

“अबोली, तुझ्या मालकिणीक सांग... माका ती आवडता. खूप आवडता.”

पल्लवीचा हात अजून वरच होता. बाहुलीने मान तिरकी केली. “ती म्हणता, टेबलाखाली सगळेच गोड. बाजारात वळख दिशीत?”

“बाजारात, देवळात, जत्रेत. खंय म्हणशीत थंय.”

पल्लवीने सुखाने डोळे मिटले, उघडले... आणि पडद्याच्या फटीतून तिला दिसलं.

“देवेश! लाल दिवो! बंद करूक नाय तू!”

सगळं घरोघरी गेलं होतं. देवेश पांढराफटक पडला आणि ताडकन उठला. बटण तीन पावलांवर. पल्लवीला वाटलं, आता दाबेल, आणि उद्या म्हणेल, बाहुलीची गंमत होती...

बटणावर बोट ठेवून तो वळला. “तुझ्यासाठी बंद करूचा तर सांग. माझ्यासाठी नको.”

बाहेर फोन खणाणला. शेटने दारातून डोकं घातलं, घामाने डबडबलेलं. “देवेश, तुझी आवस!”

देवेश दाराकडे वळला. “काय म्हणता?”

“म्हणता, त्या चेडवाक आधी वयर येवक सांग. कंबर मोडतली तिची थंय बसान.”

चेडवाक! मुलीला! पल्लवीला हसू आलं आणि त्याचंच रडू झालं. तिने बाहुली काढून ठेवली, पडदा बाजूला सारला आणि टेबलाच्या कडेवर टाळकं आपटून घेत ती पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. केस विस्कटलेले, काजळ गालावर.

देवेशने खिशातून केळीच्या पानाची पुडी काढली. आत अबोलीचाच वळेसर होता, पण चांगला हातभर लांब.

“कधीपासून खिशात आसा?”

“सकाळपासून. धीर होईना गे.”

फोन पुन्हा वाजू लागला. शेट ओरडले, “अरे, जाहिरात लाव रे!” पल्लवीने डोळे पुसले, वेणी पाठीवर टाकली आणि देवेशकडे पाठ केली.

“आधी माळ,” ती म्हणाली. “मागीर लाव जाहिरात.”